८५ आत की बाहेर? लसीकरणाचं सर्वेक्षण आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल

प्रश्न थोडक्यात असा: पीएसएमच्या (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) एमडी प्रबंधासाठी एका तालुक्यात ३० क्लस्टर (म्हणजे निवडलेली गावं किंवा वस्त्या), प्रत्येकी ७ मुलं, असं सर्वेक्षण केलं. १२ ते २३ महिन्यांच्या २१० मुलांपैकी १६८ जणांचं लसीकरण पूर्ण, म्हणजे ८० टक्के. हाताने काढलेला ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (नमुन्यावरून काढलेला अंदाजाचा पट्टा) ७४.६ ते ८५.४ येतो, सॉफ्टवेअर ७४.१ ते ८४.८ दाखवतं. जिल्ह्याचं उद्दिष्ट ८५ टक्के. एका उत्तरात ८५ आत येतं, दुसऱ्यात बाहेर पडतं. मग उद्दिष्ट गाठलं की नाही? शिवाय ‘खरं प्रमाण या दोन आकड्यांमध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के आहे’ हे वाक्य गाइडनी खोडलं. ते का?

तुम्ही तीसही क्लस्टरचे आकडे सोबत दिलेत हे फार बरं झालं, कारण उत्तर तिथेच आहे. तुमचे दोन्ही इंटरव्हल गणिताच्या दृष्टीने बरोबर आहेत, पण दोन्ही तुमच्या सर्वेक्षणाचे नाहीत. तालुक्यातली सगळी मुलं एका यादीत असती आणि त्यातून २१० चिठ्ठ्या उचलल्या असत्या, तर ते तुमचे झाले असते. तुम्ही तसं केलेलं नाही.

पण आधी त्या दोन आकड्यांची भानगड मिटवू. हाताने जो काढलात तो पुस्तकी सूत्राचा:

प्रमाण ± १.९६ × √(प्रमाण × (१ − प्रमाण) ÷ नमुना)

०.८ गुणिले ०.२ म्हणजे ०.१६. भागिले २१०, वर्गमूळ ०.०२७६. ही झाली स्टँडर्ड एरर, म्हणजे नमुना बदलला की प्रमाण साधारण किती हलेल त्याचं माप. तिला १.९६ ने गुणलं की ०.०५४, म्हणजे ८० च्या दोन्ही बाजूंना ५.४. याला वाल्ड इंटरव्हल म्हणतात. यातली मेख अशी की स्टँडर्ड एरर काढताना आपण नमुन्यातलं प्रमाण हेच खरं प्रमाण धरून चालतो. नमुना मोठा आणि प्रमाण मधल्या पट्ट्यात असेल तर हे खपून जातं. टोकाला गेलं की फसतं.

समजा ४० बाळांपैकी २ जणांना सुईच्या जागी गळू झालं. वाल्डने उत्तर येतं उणे १.८ ते ११.८ टक्के. उणे टक्के गळू कुणाला होतं? मग विद्यार्थी उणे आकडा खोडून शून्य लिहितात आणि पुढे जातात. खरं तर तो उणे आकडा सांगत असतो की सूत्र इथे चालत नाही. खरं प्रमाण ५ टक्के धरून ४० च्या नमुन्यांचा हिशेब करा: शंभरातल्या जवळजवळ १३ नमुन्यांत एकही गळू सापडणार नाही, आणि त्या प्रत्येक वेळी वाल्ड ‘शून्य ते शून्य’ असं ठणकावून सांगेल. वर ९५ टक्क्यांचं लेबल, आत खरी कामगिरी ८७ च्या आसपास.

सॉफ्टवेअरने दिला तो विल्सनचा, एडविन विल्सन या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९२७ साली सुचवलेला. तो प्रश्नच उलटा विचारतो: खरं प्रमाण काय काय असू शकलं असतं, ज्यामुळे माझा हा नमुना फार विचित्र ठरला नसता? त्यामुळे मध्यबिंदू थोडा ५० कडे सरकतो आणि मर्यादा शून्याच्या खाली किंवा शंभराच्या वर कधीच जात नाही. वरच्या ४० बाळांसाठी विल्सनचं उत्तर १.४ ते १६.५ टक्के. १९९८ मध्ये अ‍ॅग्रेस्टी आणि कूल यांनी हाताने करण्याजोगी सोय दिली: ‘हो’ मध्ये २ आणि ‘नाही’ मध्ये २ मिळवा, मग नेहमीचं सूत्र लावा. ४० पैकी २ ऐवजी ४४ पैकी ४. याची खालची बाजू ०.६ आणि वरची १७.६ येते, विल्सनइतकं नेटकं नाही, पण वाल्डपेक्षा कितीतरी भरवशाचं. १९३४ सालची क्लॉपर-पिअर्सन ही ‘एक्झॅक्ट’ म्हणून ओळखली जाणारी पद्धतही सॉफ्टवेअरमध्ये असते. नावावर जाऊ नका. ती इतकी जपून वागते की इंटरव्हल गरजेपेक्षा रुंद होतो. माझी सवय विल्सन.

आणि घटना एकदाही घडली नसेल तर? ३० केंद्रांतले आयएलआर (लसी ठेवायचे फ्रीज) तपासले आणि एकाचंही तापमान बिघडलेलं नाही, तर ‘बिघाड ० टक्के’ लिहून मोकळं होऊ नका. तीनला नमुन्याने भागा: ३ ÷ ३० म्हणजे १० टक्के. बिघाडाचं खरं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असूनही तुम्हाला शून्य दिसू शकतं. हा तीनचा नियम १९८३ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखामुळे डॉक्टरांमध्ये रुळला. तोंडी हिशेबाला याच्याइतकं उपयोगी काही मला माहीत नाही.

आता तुमच्या २१० मुलांकडे येऊ. वाल्ड आणि विल्सनमधला फरक अर्ध्या टक्क्याचा. तेवढ्यावर ८५ आत-बाहेर होतंय, म्हणून तुम्ही अडकलात. पण ज्या चुकीकडे तुमचं लक्षच गेलेलं नाही ती याच्या कितीतरी पट मोठी आहे.

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण सॅम्पलिंग शिकवताना सगळेच वापरतात. ती खरी कधी? भात एकसारखा शिजला असेल तर. तालुका तसा नसतो. एका गावात एएनएम (आरोग्यसेविका) वर्षानुवर्षं तीच आहे, आशाताई घरोघरी ओळखीची आहे, तिथली सातही मुलं पूर्ण. दुसरीकडे वीटभट्टीवरची वस्ती, तिथे सातपैकी दोन. एकाच वस्तीतली सात मुलं म्हणजे सात स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. एकाच घरातल्या सात जणांना विचारावं तसं ते आहे. बरंचसं पहिल्याने सांगितलं, उरलेल्यांनी मान डोलावली.

जागतिक आरोग्य संघटनेने तीस गुणिले सातचा हा आराखडा बसवला तेव्हा हे धरलेलंच होतं. प्रमाण ५० टक्के, चूक दोन्ही बाजूंना १० टक्के, एवढ्यासाठी साधा नमुना ९६ चा लागतो. क्लस्टरमुळे होणारं नुकसान भरून काढायला तो दुप्पट केला, १९२. तीसने भागल्यावर ६.४ आले, ते ७ केले. म्हणून २१०. हा ‘दुप्पट’ म्हणजेच डिझाइन इफेक्ट. गंमत अशी की नमुना ठरवताना डिझाइन इफेक्ट दोन धरला हे प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात प्रत्येक जण लिहितो, आणि पाचव्या प्रकरणात इंटरव्हल काढताना विसरतो. परीक्षकही बऱ्याचदा विसरतात, म्हणून निभावून जातं.

तो तुमच्या आकड्यांवरून काढता येतो, महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. तुमच्या तक्त्यात १० क्लस्टरमध्ये सातपैकी ७, नऊ क्लस्टरमध्ये ६, पाचमध्ये ५, तिनांत ४, एकात ३ आणि दोनांत २. प्रत्येक क्लस्टरमध्ये मुलं सारखीच, सात, म्हणून हिशेब सोपा. प्रत्येक क्लस्टरचं प्रमाण काढा, या तीस आकड्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे ते सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, काढा (एक्सेलमध्ये एका सूत्राचं काम), ते येतं ०.२११. त्याला √३० ने भागा: ०.०३८५. ही तुमची खरी स्टँडर्ड एरर. आधीची होती ०.०२७६. दोन्हींचे वर्ग करून भागलं की डिझाइन इफेक्ट जवळजवळ १.९५ येतो. आराखड्यात धरलेल्या दोनच्या इतकं जवळ तुमचं उत्तर आलंय की क्षणभर मलाच शंका आली. पण आकडे पुन्हा मांडून पाहिले, बरोबर आहेत.

म्हणजे तुमची २१० मुलं माहितीच्या मापात सुमारे १०८ स्वतंत्र मुलांइतकी. विल्सनच्या सूत्रात २१० ऐवजी १०८ घाला: ७१.५ ते ८६.५ टक्के. हवं तर साध्या मार्गाने जा, क्लस्टर तीसच असल्यामुळे १.९६ ऐवजी टी-तक्त्यातला २.०४५ घ्या: ७२.१ ते ८७.९. दोन्हींपैकी कोणताही लिहा, पण पद्धतीचं नाव लिहा आणि निकाल पाहून पद्धत बदलू नका. मी पहिला लिहीन.

पाहा, ८५ चा वाद कुठल्या कुठे गेला. दोन्हींत ८५ आत आहे. पण यावरून ‘उद्दिष्ट गाठलं’ असं अजिबात लिहू नका. त्याच इंटरव्हलमध्ये ७३ पण आहे. ७३ टक्के लसीकरण असलेल्या तालुक्यातूनही असा नमुना सहज येऊ शकतो. ८५ आत असण्याचा अर्थ एवढाच की या सर्वेक्षणाला तो प्रश्न सोडवता येत नाही. उद्दिष्ट गाठलं असं ठामपणे म्हणायला इंटरव्हलची खालची बाजू ८५ च्या वर हवी, गाठलं नाही म्हणायला वरची बाजू ८५ च्या खाली. मात्र ९० टक्क्यांचं, म्हणजे मिशन इंद्रधनुष्यचं उद्दिष्ट विचाराल तर तुमचा नमुना स्पष्ट उत्तर देतो: नाही.

आता ते खोडलेलं वाक्य. गाइडनी खोडलं ते योग्यच केलं, पण का ते सांगायला हवं होतं.

मी दरवर्षी वर्गात एक खेळ घेते. स्टीलच्या डब्यात हजार हरभरे, त्यातले तीनशे निळ्या शाईने रंगवलेले. किती रंगवलेत ते मलाच ठाऊक. प्रत्येकाने डोळे मिटून चाळीस उचलायचे, मोजायचे, इंटरव्हल काढून फळ्यावर लिहायचा, हरभरे परत डब्यात. साठ विद्यार्थी, साठ इंटरव्हल. मग मी ३० टक्क्यांवर उभी रेघ ओढते. बहुतेक इंटरव्हल रेघेला शिवतात. तीन-चार हुकतात, कधी एक, कधी सहा. ज्याचा हुकला त्याने काही चूक केलेली नसते, त्याच्या हाताला हरभरेच तसे आले. आणि रेघ ओढेपर्यंत आपला हुकलाय हे त्याला कळायला काही मार्ग नसतो.

ते ९५ टक्के फळ्याचे आहेत, तुमच्या एका ओळीचे नाहीत. संख्याशास्त्रज्ञ येझी नेमन यांनी १९३० च्या दशकात ही कल्पना मांडली ती अशीच: भरवसा पद्धतीचा. डब्यात तीनशेच निळे आहेत, ते तुम्ही उचलल्याने बदलत नाहीत. इंटरव्हल मात्र प्रत्येकाचा वेगळा. एकदा तो फळ्यावर उतरला की त्यात ३० एक तर आहे किंवा नाही. शक्यतेचा खेळ हरभरे उचलण्याआधी होता, नंतर नाही. ‘खऱ्या प्रमाणाची शक्यता’ असं बोलायचं असेल तर बेझियन पद्धत घ्यावी लागते. तिथे सर्वेक्षणाआधी तुम्हाला काय वाटत होतं हेही आकड्यांत मांडावं लागतं. त्यात वाईट काही नाही, पण ते वेगळं काम आहे.

घरी चहा पिताना ‘८० टक्के, सात-आठ इकडे तिकडे’ असं बोललात तर मी टोकणार नाही. प्रबंधात असं लिहा: ‘पूर्ण लसीकरणाचं अंदाजित प्रमाण ८० टक्के (९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ७१.५ ते ८६.५, विल्सन पद्धत, डिझाइन इफेक्ट १.९५ धरून).’ शक्यता हा शब्दच नको.

त्या हरभऱ्यांची पहिली आवृत्ती फसली होती, आणि तुम्हाला खरं सांगायचं आहे ते त्यातूनच सांगते. पहिल्या वर्षी रंगवण्याचा कंटाळा म्हणून मी तुरीत काबुली हरभरे मिसळले. डबा छान हलवला, वाटीने चाळीस-चाळीस दाणे काढायला लावले. फळ्यावरचे इंटरव्हल एका बाजूला कलले. साठातले निम्मेसुद्धा रेघेला लागले नाहीत, सगळे वरच्या अंगाला. मी चक्रावले. मग लक्षात आलं की डबा हलवला की मोठे दाणे वर येतात. घरी कडधान्याच्या डब्यात रोज बघते, वर्गात विसरले. गणित सगळ्यांचं बिनचूक होतं. वाटी दोनशे दाण्यांची केली असती तर इंटरव्हल अरुंद झाले असते आणि आणखीच जास्त हुकले असते.

आपल्याकडे यावर मोठा वाद होऊन गेलाय. १९४० च्या दशकात पीक कापणीच्या प्रयोगांत कापायचा तुकडा केवढा असावा यावरून एका बाजूला प्रशांतचंद्र महालनोबीस आणि दुसऱ्या बाजूला पांडुरंग सुखात्मे, दोघेही संख्याशास्त्रज्ञ. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. त्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान असला की उत्पादन फुगून येतं, कारण हद्दीवरची रोपं मोजणारा माणूस नकळत आत धरतो, आणि लहान तुकड्यात हद्दच जास्त. असे शेकडो लहान तुकडे घेतले तरी फुगवटा जात नाही, फक्त त्या चुकीच्या आकड्यावरचा आपला विश्वास वाढतो. कॉन्फिडन्स इंटरव्हल नशिबाचा हिशेब ठेवतो, हद्दीवरच्या रोपांचा नाही.

तुमच्या तालुक्यातली हद्दीवरची रोपं कोणती? तुम्ही सर्वेक्षण डिसेंबर-जानेवारीत केलंय आणि ऊसतोडीला लोक जाणारा भाग आहे असं लिहिलंय. दसरा-दिवाळीनंतर बैलगाड्यांत, ट्रॅक्टरांत बसून गेलेली कुटुंबं उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. त्यांची बाळं त्यांच्यासोबत. तुम्ही दाराला कुलूप पाहिलंत आणि पद्धतीप्रमाणे शेजारच्या घरात गेलात. शेजारी जो घरी आहे तो मुळातच इथे टिकून राहणारा, म्हणजे लसीकरणाच्या दिवशीही इथेच असलेला. समजा अशा कुलूपबंद घरांत तुमच्या वाट्याची ३० मुलं होती आणि त्यांच्यातलं निम्म्यांचंच लसीकरण पूर्ण झालंय. मग २४० पैकी १८३, म्हणजे ७६ टक्के. चार टक्के गेले, आणि यातलं तुमच्या इंटरव्हलला काहीच कळलं नाही. घरोघर असं पुढच्या दारी सरकत जाण्याची ही जुनी रीत जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शिकेत मागे टाकली, घरांची यादी आधी करून त्यातून चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या, त्यामागे हेही कारण आहे.

दुसरी गोष्ट कार्डाची. माता-बाल संरक्षण कार्ड किती घरांत प्रत्यक्ष पाहिलंत आणि किती ठिकाणी आईच्या आठवणीवर भागवलं? दोन्ही आकडे वेगळे द्या. ‘सगळे डोस दिलेत हो’ हे उत्तर पांढऱ्या कोटातल्या माणसाला देणं सोपं असतं.

सॅम्पल साइजबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक ओळ. पीएसएममध्ये ४पीक्यू भागिले एलवर्ग हे सूत्र मंत्रासारखं म्हटलं जातं (पी म्हणजे टक्क्यांतलं प्रमाण, क्यू म्हणजे शंभरातून पी वजा, एल म्हणजे चालवून घ्यायची चूक). ती चूक थेट टक्क्यांत धरायची की प्रमाणाचा काही हिस्सा म्हणून, ते मात्र कुणी धड सांगत नाही. प्रमाण ५ टक्के असेल आणि एल ‘५ टक्के’ घेतला तर नमुना ७६ येतो आणि इंटरव्हल शून्य ते दहा, ज्याचा उपयोग शून्य. एल म्हणजे ‘पाचाच्या २० टक्के’, म्हणजे १, धरला तर नमुना १९००. सूत्र तेच, उत्तरात पंचवीस पट फरक. आकडा जमेपर्यंत एल बदलत बसणारे प्रबंध मी इतके पाहिलेत की आता पानावर एल दिसला की आधी तोच तपासते.

शेवटचं, त्या दोन क्लस्टरविषयी, जिथे सातपैकी दोनच. प्रत्येक क्लस्टरचा वेगळा कॉन्फिडन्स इंटरव्हल काढून तक्ता लावायचा मोह होईल. करू नका, सातपैकी दोनचा विल्सन इंटरव्हल ८ ते ६४ टक्के येतो, त्याचं काय करणार? हे सर्वेक्षण तालुक्यासाठी आहे, वस्तीसाठी नाही. पण म्हणून त्या वस्त्या सरासरीत पुरून टाकू नका. तिथे प्रत्येकी पाच मुलं अपुऱ्या लसींची आहेत ही मोजलेली गोष्ट आहे, अंदाज नाही. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना प्रबंध छापून होण्याआधी नावानिशी कळवा. आणि तुमच्या वहीत कुलूपबंद घरांची नोंद नक्की असेल. ती परिशिष्टात ढकलू नका, ८० टक्क्यांच्या खालच्याच ओळीत लिहा.